गच्चीवरचे ऊन आणि गल्लीतली तार

खानदेशातल्या एरंडोलला घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसवून ती महावितरणच्या तारेला जोडायची, तर महावितरणची मंजुरी घ्यावी लागते. गच्ची घरमालकाची, पॅनेल त्याने पैसे मोजून आणलेली, आणि ऊन तर कोणाच्याच मालकीचे नाही. मग मंजुरी नेमकी कशाची? प्रश्न कार्यालयीन दिसतो, पण त्याच्या तळाशी धर्मचिंतनातला एक जुना प्रश्न आहे: जे सर्वांचे आहे त्यातले एकाने घ्यावे कसे, आणि घेतल्यावर त्याच्यावर कोणते देणे चढते?

जैमिनीच्या पूर्वमीमांसेत विश्वजित यज्ञाची चर्चा येते. या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचे असते. मग राजाने हा यज्ञ केला तर त्याने पृथ्वीही देऊन टाकावी का? सहाव्या अध्यायातले उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पृथ्वीशी सर्वांचे नाते सारखेच आहे, ती राजाची स्वतःची नव्हे, आणि जे आपले नाही ते देता येत नाही. सतराव्या शतकात काशीत राहिलेल्या, पण मूळच्या पैठणच्या घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. राज्य जिंकले म्हणजे राजाला कर घेण्याचा अधिकार मिळतो. शेताची मालकी ज्याची त्याच्याकडेच राहते. जमिनीबाबत जे खरे, ते उन्हाबाबत अधिकच खरे मानावे लागते. शेत एकाने धरले की दुसऱ्याला तेवढे कमी पडते. एका गच्चीने ऊन घेतले म्हणून शेजारच्या गच्चीवरचे ऊन घटत नाही. तेव्हा उन्हाची परवानगी देण्याचा अधिकार कोणत्याही राज्याला किंवा कंपनीला असू शकत नाही. महावितरणही तसा दावा करत नाही. कोणी बॅटरी लावून फक्त आपल्या घरापुरते दिवे-पंखे चालवले आणि बाहेरच्या तारेशी संबंधच ठेवला नाही, तर नेट मीटरच्या मंजुरीचा प्रश्न उद्भवत नाही.

प्रश्न सुरू होतो तो तारेपाशी. एक किलोवॉटचा संच दिवसाला सरासरी चारेक युनिट वीज देतो. ती सगळ्यात जास्त तयार होते भर दुपारी, जेव्हा बहुतेक घरांत माणसे कमी आणि वापरही कमी. उरलेली वीज तारेवरून बाहेर जाते. रात्री घराला लागणारी वीज त्याच तारेवरून आत येते. नेट मीटर दोन्ही मोजतो आणि बिलात वजावट होते. लोक सहज म्हणतात की आपली वीज जाळ्यात जमा राहते. वस्तुतः जमा काहीच राहत नाही. एरंडोलच्या गल्लीतून दुपारी बाहेर पडलेला युनिट त्याच क्षणी जवळच्या कोणाच्या तरी कुलरमध्ये किंवा पिठाच्या गिरणीत खर्च होतो, आणि रात्री जो परत येतो तो भुसावळजवळच्या दीपनगरला जळालेल्या कोळशाचा असू शकतो. वहीत दोन्ही युनिट सारखे लिहिले जातात, ही समाजाने घरमालकाला दिलेली सवलत आहे. निसर्गाचा तो नियम नव्हे. एवढे लक्षात घेतले की मंजुरीचा अर्थ बदलतो. इतरांनी उभारलेल्या आणि इतर वापरत असलेल्या तारेवर आपलाही प्रवाह सोडण्याची ती मुभा आहे.

खानदेशाला ही व्यवस्था परकी वाटायला नको. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या खोऱ्यात पिढ्यान्पिढ्या फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली फडांत वाटलेली जमीन, आणि प्रत्येक फडात ठरलेले पीक. पाणी नदीचे, तिच्यावर कोणाची मालकी नाही. पण पाट सगळ्यांच्या श्रमाचा. म्हणून कोणीही उठून आपल्या वाफ्यात पाणी वळवायचे नाही. ते पाटकरी वळवणार, पाळीप्रमाणे. पाटकऱ्याचा अधिकार पाण्याचा धनी म्हणून नव्हता. बागायतदारांनीच आपल्यातल्या कोणावरही अन्याय होऊ नये म्हणून त्याला नेमलेले असे. तारेबाबत महावितरणच्या उपविभाग कार्यालयाचे नैतिक स्थान पाटकऱ्याचेच असायला हवे. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

या सामायिक तारेचा धर्म सगळ्यात स्पष्ट दिसतो तो लाइट गेल्यावर. जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर बाहेरची वीज बंद होताच स्वतःही बंद पडतो. बाहेर मे महिन्याचे कडक ऊन, गच्चीवर पॅनेल तापलेली, आणि घरात पंखा नाही: नव्या ग्राहकाला हे फसवणुकीसारखे वाटते. कारण मात्र साधे आणि गंभीर आहे. डीपीवरून वीज बंद केली आहे असे समजून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी एखाद्या गच्चीवरून तारेत वीज सुटली, तर त्याचा जीव जाऊ शकतो. इन्व्हर्टरने बंद व्हायचे ते ज्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसासाठी. संच तारेला जोडण्यापूर्वीची तपासणी मुख्यतः ही खात्री करण्यासाठी असते. अर्थिंग, संरक्षक स्विच आणि मीटर यांची पाहणी त्यातच येते. अहिंसा हे व्रत इतक्या ठोस आणि यांत्रिक रूपात क्वचित भेटते. परवानगीच्या बाजूने याहून सबळ कारण दुसरे नाही.

देण्याचा प्रश्न उरतो. गीतेचा तिसरा अध्याय सांगतो की देवांनी दिलेले भोगून त्यांना काही परत न करणारा चोरच होय. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्यांत सतराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी माणसावरच्या तीन ऋणांची मांडणी केली: सृष्टीची झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ, समाजाचे ऋण फेडणे म्हणजे दान, आणि शरीराची शुद्धी म्हणजे तप. ही मांडणी सौर पॅनेलला लावून पाहण्यासारखी आहे. सूर्याची झीज आपल्या वापराने होत नाही. तरी सृष्टीचे ऋण संपत नाही, कारण पॅनेलची काच, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि चांदी धरतीतूनच येतात, आणि पंचवीसेक वर्षांनी त्यांचा कचरा होतो. भारताच्या २०२२ च्या ई-कचरा नियमांनी सौर पॅनेलची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. यज्ञाचा तो आधुनिक, अपुरा पण खरा अंश. दुसरे ऋण, समाजाचे, तारेचे आहे. ते कसे फेडायचे यावर मात्र एकमत नाही.

त्याआधी परवानगी देणाऱ्याच्या बाजूचा विचार करायला हवा, आणि त्यासाठी एरंडोलला दूर जावे लागत नाही. महाभारतातली एकचक्रा नगरी म्हणजे एरंडोल, अशी परंपरा आहे. जवळच्या पद्मालयाशीही भीम आणि बकासुराची कथा जोडली जाते. आदिपर्वातला बकासुर नुसता लुटारू नाही. दुबळ्या राजाच्या त्या प्रदेशाला तो परचक्रापासून राखतो आणि त्याचे वेतन म्हणून घरोघरच्या पाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन येणारा माणूस घेतो. नगरवासीयांना संरक्षण हवेच होते. त्यांचे दुःख असे की घेणाऱ्यावर कोणताच नियम चालत नव्हता. पाटकरी आणि बकासुर यांच्यातला फरक इथे आहे. दोघेही वाटा घेतात, दोघेही काहीतरी सांभाळतात. पण पाटकऱ्याला जाब विचारता येतो.

वीज कायद्याची अलीकडची वाटचाल या कसोटीवर समाधानाची आहे. महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ साली नेट मीटरचे विनियम केले आणि २०१९ मध्ये ते नव्याने आणले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला. आता १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही. ते मान्य झाल्याचे मानले जाते. संच बसवल्यानंतर तो सुरू करून देण्याची मुदतही ३० दिवसांवरून १५ दिवसांवर आली. त्याच महिन्यात आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. यातली सर्वांत मोलाची गोष्ट पैशांची नाही. कार्यालय गप्प बसले तर त्याचा अर्थ होकार, हे तत्त्व मोलाचे आहे. पूर्वी विलंबाचा भार अर्जदार सोसत असे. आता तो मंजुरी देणाऱ्यावर आला. परवानगी ही मेहेरबानी न राहता दोन्ही बाजूंना बांधणारे कर्तव्य होते, ती याच जागी. नियम कागदावर असून खालच्या पायरीवर अर्ज अडतो तेव्हा मात्र धर्माची बाजू निःसंशय अर्जदाराची असते.

आता तारेचे ऋण. ज्याचे बिल शून्यावर येते त्याच्यासाठीही खांब, रोहित्र आणि वायरमन रात्रंदिवस लागतात. हा खर्च स्थिर आकारातून थोडा आणि युनिटच्या दरातून बराच वसूल होतो. सौर ग्राहकाचे युनिट घटले की त्याचा या खर्चातला वाटाही घटतो. तो कोणाकडे सरकतो? एरंडोल तालुक्यातल्या जुन्या धाब्याच्या घरांकडे, ज्यांचे मातीचे छत पॅनेलच्या सांगाड्याला योग्य नाही. भाडेकरूंकडे, ज्यांची गच्चीच त्यांची नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे: गच्चीवरची वीज गल्लीतच वापरली गेल्याने लांबून आणताना होणारी गळती वाचते, दुपारचा भार हलका होतो, आणि कमी जळालेल्या कोळशाचा लाभ धाब्याच्या घरातल्यांच्या फुप्फुसांनाही मिळतो. या दोन बाजूंचा हिशेब प्रत्येक गावी आणि प्रत्येक वर्षी वेगळा येईल. गच्च्या थोड्या असताना लाभाचे पारडे जड, फार झाल्यावर भाराचे. म्हणून सौर ग्राहकाने वाजवी स्थिर आकाराला विरोध करणे धर्माला धरून नाही, आणि त्या आकाराच्या नावाखाली गच्चीवरची वीज तोट्यात ढकलणे कंपनीला शोभणारे नाही. ‘वाजवी’ किती हे आयोगापुढच्या जाहीर सुनावणीत ठरते. तिथे हरकत नोंदवण्याचा अधिकार गच्ची असलेल्याला जेवढा आहे, तेवढाच ती नसलेल्यालाही आहे. आजवर तो दुसऱ्याने फारसा वापरलेला नाही.