डोंगर उक्ता दिलास?

बस. मोबाईल आधी खिशात ठेव.

संगमेश्वरचा वडिलोपार्जित डोंगर ठेकेदाराला उक्ता दिलास म्हणे. झाडं किती होती? ठाऊक नाही. कुठली होती? ‘जंगली’. अरे, हे काय झाडाचं नाव झालं? खाली ऐन आणि किंजळ, वरच्या अंगाला हेद, पऱ्याच्या काठी जांभूळ. बागेतली एक पोफळ कुणी तोडली तर सख्ख्या भावाशी वर्षभर बोलत नाहीस, आणि अख्खा डोंगर न मोजता दिलास!

‘आमच्या मालकीचं आहे’ हे मला ऐकवू नकोस. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावालाच आहे. डोंगरावर जे उभं आहे ते तुझ्यासारख्यांच्या सातबाऱ्यावर, म्हणूनच तुला बोलावलं.

तोडलं तरी पुन्हा फुटतं, हेही मला माहीत आहे. ऐन, किंजळ बुडख्यातून फुटतात. पण त्या झुबक्यातले एक-दोन जोमदार धुमारे राखून बाकीचे काढावे लागतात. शेळ्या लांब ठेवाव्या लागतात. वणव्याच्या दिवसांआधी जाळरेषा काढावी लागते. यातलं एक तरी काम कधी केलंस? धुमारा खोड धरायच्या आत पुन्हा ठेकेदाराला बोलावतोस, मग डोंगरावर मनगटाएवढ्या काठ्यांशिवाय काय उरणार?

आणि तो ढोलीचा जुना बेहडा! फेब्रुवारी-मार्चमध्ये महाधनेशाची मादी अशाच ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं भरवतो. तुमची तोड नेमकी त्याच दिवसांत. लाकूड सरपणाच्या भावाने जातं आणि आत एक कुटुंब मरतं. याचा मला मनापासून राग येतो.

‘परवानग्या ठेकेदार बघतो’ म्हणे! साग, खैर, ऐन, किंजळ, हेद ही 1964 च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत. कागदावर सही तुझी, तेव्हा विचारणा तुलाच होणार. जेसीबीने उतारावर रस्ता कापलात, तर पहिल्याच पावसात माती खालच्या भातशेतीत येईल. ती शेती तुझ्याच चुलत्याची आहे.

आज रात्री ठेकेदाराला फोन कर आणि तोड थांबव. विसार घेतला असशील तर परत दे. रविवारी चुलत्याला आणि चुन्याचा डबा घेऊन वर ये. राखायच्या झाडांवर खूण तू स्वतः करायचीस, प्रत्येकाचं नाव मला सांगून. सकाळी सातला. उशीर चालणार नाही.