गोल गोळीचा पल्ला

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की तिथल्या शिकारी मासिकांतून ठासणीच्या बंदुकांच्या जाहिराती दिसू लागतात. जाहिरातीतल्या बंदुकीवर दुर्बीण असते. गोळी प्लास्टिकच्या टोपणात बसवलेली असते, दारूच्या तयार वड्या मिळतात आणि ठिणगी नळीच्या थेट मागून पडते. गोळी तोंडाकडून भरायची, एवढाच जुन्या बंदुकीशी तिचा संबंध. तिला ‘लांब पल्ल्याची’ म्हणतात, शेजारी तीनशे यार्डांचा आकडा छापतात, आणि गोल गोळीची जुनी रायफल म्हणजे शंभर यार्डांपर्यंतचं खेळणं, असं सुचवून मोकळे होतात.

मला हे सहन होत नाही, कारण यात बंदुकीपेक्षा एका कल्पनेचं नुकसान होतं. पल्ला ही यंत्राची क्षमता आहे, दुकानातून विकत आणता येते, अशी समजूत त्यातून पक्की होते. गोल गोळीने दोनशे यार्डांवर नेम साधणाऱ्यांनी पल्ल्याचा जो अर्थ कमावला तो वेगळा आहे. नुसता हात स्थिर असून जिथे भागत नाही, अंतर आणि वारा ओळखावा लागतो, तिथून लांब पल्ला सुरू होतो. तो माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो.

आपल्याकडे ठासणीची बंदूक म्हटलं की कोकणातला शेतराखणीचा परवाना आठवतो, नाहीतर पोलिसांनी जप्त केलेलं हत्यार. त्या नळ्या बहुतेक आतून गुळगुळीत असतात. मी बोलतोय ती नळी आतून पीळ दिलेली. हा पीळ जर्मन भाषक मुलखातल्या कारागिरांनी पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सांध्यावर आणला, तिथल्या नेमबाज मंडळांनी जोपासला आणि अठराव्या शतकात त्यांचेच वंशज तो पेनसिल्व्हेनियात घेऊन गेले. तिथे लांब नळीची, बारीक गोळीची रायफल घडली. हा इतिहास सर्वांना मान्य आहे, त्यावर रेंगाळायचं कारण नाही.

रेंगाळायला हवं ते भरण्याच्या कृतीवर. मोजून दारू ओतायची. नळीच्या तोंडावर चरबी किंवा थुंकी लावलेली कापडाची चकती ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी. गोळी नळीच्या भोकापेक्षा जरा लहान असते. कापड ती फट भरतं, पीळ पकडतं आणि गोळीला फिरवतं. गजाने दर वेळी सारख्याच दाबाने खाली बसवायचं. बार झाल्यावर अनुभवी नेमबाज पुढे जाऊन गवतात पडलेली चकती शोधतो. ती शाबूत असेल आणि कडा नुसत्या विसकटल्या असतील तर जमलं. मध्ये जळून भोक पडलं असेल, तर कापड पातळ आहे किंवा चरबी कमी पडली. पिळाच्या धारेने कातरली असेल, तर नळीच्या तोंडाशी काहीतरी बोचतंय. पुढच्या बाराची सगळी दुरुस्ती त्या जळक्या चिंधीवरून ठरते.

या व्यवहारामागचं शास्त्र पहिल्यांदा नीट मांडलं इंग्रज गणिती बेंजामिन रॉबिन्सने. १७४२ साली त्याचा तोफगोळ्यांच्या गतीवरचा ग्रंथ आला आणि तीनच वर्षांत गणिती ऑयलरने तो टिपांसह जर्मनमध्ये नेला. लोलकावर गोळी झाडून रॉबिन्सने तिचा वेग मोजला आणि हवेचा अडथळा सगळ्यांच्या अंदाजापेक्षा किती प्रचंड आहे ते दाखवलं. ध्वनीच्या वेगाजवळ हा अडथळा एकदम वाढतो, हेही त्याच्या ध्यानात आलं होतं. १७४७ साली रॉयल सोसायटीपुढे त्याने पिळाच्या नळीची बाजू मांडली. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तटबंदीच्या कामासाठी हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

रॉबिन्सला दिसलेला तो अडथळा हेच गोल गोळीचं दुखणं. अर्ध्या इंची गोळी सेकंदाला अठराशे फुटांनी निघाली, तरी पहिल्या शंभर यार्डांतच वेगाचा मोठा हिस्सा गमावते. वाऱ्याने ती किती सरकणार हे मुख्यतः वाटेत ती किती रेंगाळली त्यावर ठरतं. म्हणून दारू वाढवून वारा फारसा चुकवता येत नाही, जास्त वेगाने निघालेली गोळी हवेत जास्त वेग हरवते. तासाला दहा मैलांचा आडवा वारा असेल, तर दोनशे यार्डांवर गोळी तीन फूट किंवा त्याहूनही जास्त बाजूला जाते. नळीत गोळी किती का सुबक बसेना, वारा वाचता आला नाही तर नेमाची फळीसुद्धा चुकते.

हे जुन्या नेमबाजांना ठाऊक होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात इंग्रजांकडून लढलेल्या जॉर्ज हँगरने १८१४ साली लिहून ठेवलंय की निश्चल उभं असताना तीनशे यार्डांवरून अमेरिकन रायफलवाल्याचा नेम बसला, तर आपण वाचणार नाही. पण तिथेच त्याने वारा जोराचा नसावा अशी अट घातली आहे. इंग्रज सैन्याची बेकर रायफल बनवणाऱ्या इझिकिएल बेकरचंही तसंच. स्वतःच्या मालाबद्दल लिहितानासुद्धा तीनशे यार्डांवर वारा शांत असताना कधीकधी बरं जमलं आणि त्यापलीकडे भरवसा नाही, असं तो सांगतो. साराटोगाच्या लढाईत अमेरिकन रायफलवाल्या टिमथी मर्फीने इंग्रजांच्या जनरल फ्रेझरला टिपलं ही दंतकथा लोक आवडीने सांगतात. मला हँगर आणि बेकर यांच्या अटी जास्त मोलाच्या वाटतात. आकड्याला अट जोडलेली असे, तोवर पल्ल्याची कल्पना शाबूत होती.

ती ढळली कुठे? नेहमीचं उत्तर असं: १८४९ साली फ्रान्सच्या मिनिएने तळाला पोकळ असलेली लांबट गोळी आणली, अचूकता आणि पल्ला कित्येक पटींनी वाढला, गोल गोळी अडगळीत गेली. हे पाठ्यपुस्तकी वाक्य मला मुळातच चुकीचं वाटतं.

मिनिएने सोडवला तो भरण्याचा प्रश्न. गुळगुळीत नळीचा शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा. रायफलवाला कापड आणि गोळी ठासत बसे, त्याचे एखाद-दोन व्हायचे. नळीत मळ साचला की गज पुढे सरकेना. मिनिएची गोळी भोकापेक्षा लहान, ती सरळ आत घसरते. बार झाला की वायूच्या दाबाने तिचा पोकळ तळ फुगून पिळात बसतो. सेनापतींना हवं होतं ते एवढंच: पीळही हवा आणि वेगही हवा. अचूकतेचं काम वेगळ्याच वाटेने चाललं होतं. अमेरिकेत पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी जगभर नाव झालेल्या अल्वन क्लार्कने १८४० साली नळीला जोडायच्या खोट्या तोंडाचं पेटंट घेतलं. गोळी नेमकी मधोमध बसावी आणि खऱ्या तोंडाची धार झिजू नये, ही ती युक्ती. ती फळीवर नेम धरणाऱ्यांची गरज होती, पलटणींची नव्हे.

शिवाय मिनिएची गोळी जड आणि संथ. सेकंदाला साधारण नऊशे फुटांनी निघालेली ही गोळी मोठी कमान घेते. तीनशे यार्डांवर नेमाची पट्टी लावून कमरेचा नेम धरला, तर मधल्या पट्ट्यातल्या माणसाच्या डोक्यावरून ती निघून जाते. शंभर-सव्वाशे यार्डांपर्यंत वेगवान गोल गोळीची वाट तिच्यापेक्षा सरळ असते. दोनशेच्या पुढे लांबट गोळीची सरशी आहे, यात वाद नाही. पण तिथे पोचायचं तर अंतर आणखी काटेकोर ओळखायला हवं. इंग्रजांना हे लगेच कळलं. १८५३ साली इंग्लंडमधल्या हाइथला त्यांनी नेमबाजीची शाळा काढली आणि तिथे अंतर ओळखण्याचा वेगळा सराव ठेवला. ठरावीक अंतरांवर माणसं उभी करायची आणि अंगाचा, कपड्यांचा कोणता तपशील कुठवर दिसतो ते शिपायाने डोळ्यांत साठवायचं.

हाइथचा हा धडा बाहेर फारसा पोचला नाही. पोचला तो इंग्रजांच्या एन्फील्ड रायफलच्या नळीवरचा नऊशे यार्डांपर्यंतचा पट्टीचा आकडा. अमेरिकन यादवी युद्धात लाखो हातांत अशा रायफली होत्या आणि बहुतेक पलटणींना नेमबाजीचा सराव जवळपास मिळालाच नाही. पॅडी ग्रिफिथ आणि नंतर अर्ल हेस या इतिहासकारांनी दाखवून दिलं की प्रत्यक्ष लढाई जुन्याच जवळच्या अंतरांवर होत राहिली. पट्टीवर छापलेला पल्ला रणांगणावर उतरला नाही, कारण तो ओळखणारा डोळा कुणी तयार केला नव्हता.

त्याच काळात आणखी एक गोष्ट माणसाच्या हातून सुटली. कापड आणि चरबी रायफलवाला स्वतः निवडायचा. आता दारू, गोळी आणि वंगण असलेलं काडतूस तयार मिळू लागलं. हिंदुस्थानात त्या वंगणाचं काय झालं हे १८५७ विसरू न शकणाऱ्या आपल्या वाचकाला सांगायला नको.

२ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या माळावर ब्रिटिश नॅशनल रायफल असोसिएशनच्या पहिल्या स्पर्धेचं उद्घाटन झालं. षटकोनी भोकाची व्हिटवर्थ रायफल ठोकळ्यावर पक्की केलेली होती, नेम आधीच लावलेला होता. राणी व्हिक्टोरियाने दोरी ओढली आणि चारशे यार्डांवर गोळी केंद्रापासून सव्वा इंचावर लागली. व्हिटवर्थची कारागिरी थोरच. पण पल्ला बंदुकीत असतो ही समजूत त्या दुपारइतकी चोख कधीच साजरी झाली नसेल. आजच्या जाहिराती तिच्याच वंशातल्या आहेत.

गोल गोळीचा खेळ मात्र संपला नाही. १९३३ साली अमेरिकेत ठासणीच्या बंदुकवाल्यांची राष्ट्रीय संघटना झाली आणि इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी तिच्या स्पर्धा अजून भरतात. दूरच्या फळीसमोर गोल गोळी घेऊन उभा राहिलेला माणूस वारा दाखवणारी निशाणं बघतो, गवत बघतो, शेजाऱ्याच्या बाराचा धूर कुठे वाहतोय ते बघतो. धूर तोंडाशी डावीकडे जात असेल आणि मधल्या निशाणाचा कल उजवीकडे असेल, तर तो थांबतो. दारू भरलेली आहे, पण बार काढत नाही.

ही थांबण्याची सवय शिकारीत जीवनमरणाचा प्रश्न ठरते. गोल गोळीत दूरवर जोर उरत नाही, म्हणून जुन्या शिकाऱ्यांनी लांबचा नेम फळीसाठी राखला आणि हरणाच्या जवळ जायला शिकले. अमेरिकेतल्या राज्यांनी ठासणीच्या बंदुकीला वेगळा हंगाम दिला तो या मर्यादेसाठीच. १९८५ साली टोनी नाइटची नव्या घडणीची बंदूक आली, तिच्यामागून दुर्बिणी आणि वड्या आल्या आणि सवलत तीच राहून मर्यादा गळून पडली. कोलोरॅडोने त्या हंगामात दुर्बीण, प्लास्टिकचं टोपण आणि दारूच्या वड्या वर्ज्य ठरवल्या आहेत. पेनसिल्व्हेनियात चकमकीच्या बंदुकीसाठी १९७४पासून वेगळा हंगाम आहे. हे नियम टिकले पाहिजेत आणि इतर राज्यांनी ते उचलले पाहिजेत. तीनशे यार्डांच्या जाहिरातीवर विश्वास ठेवून झाडलेली गोळी वाऱ्याने जरी फूटभर सरकली, तरी हरीण जागीच मरत नाही. ते पोटात जखम घेऊन रानात शिरतं आणि शिकाऱ्याला सापडतही नाही.