डागाचा निवाडा

२०२६च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीचा एक टप्पा पुरंदरकडून येऊन बारामतीत संपला. बारामतीला शर्यत नवी नाही. दिवे घाट चढून येणारी पुणे-बारामती सायकल शर्यत इथल्या लोकांनी आधीपासून पाहिली आहे. या वेळी नजरेत भरली ती चाकं. काळी, उंच रिमची, उन्हात मंद चमकणारी कार्बनची चाकं. बारामती ते इंदापूर पालखी मार्गावर पहाटे सराव करणाऱ्या पोरांच्या सायकलींनाही आता तशी चाकं दिसू लागली आहेत. जोडीचं वजन दीड किलोच्या आतबाहेर आणि किंमत लाखाच्या घरात, कधी त्याच्या बरीच पुढे.

एवढे पैसे मोजलेला माणूस खोका उघडून चाक उन्हात धरतो तेव्हा आधी डाग शोधतो. रंग कुठे ओघळलाय, टोचल्यासारखी छिद्रं कुठे आहेत, धाग्यांची ओळ कुठे वाकली आहे. हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत असं म्हणून सोडून देता येत नाही, कारण कार्बनची रिम कशी बनते हे कळलं की त्या शोधाला अर्थ येतो. राळ मुरवलेल्या कार्बनच्या कापडाचे तुकडे माणसं हाताने साच्यात एकावर एक बसवतात. कुठला तुकडा कुठल्या कोनात, हे ठरलेलं असतं. मग आतल्या फुग्यात हवा भरून दाब द्यायचा, बाहेरून सव्वाशे-दीडशे अंशांची उष्णता द्यायची, साचा उघडल्यावर कडा घासायच्या, आऱ्यांसाठी भोकं पाडायची. जगातलं हे काम मोठ्या प्रमाणात चीनमधल्या शियामेन आणि तैवानमधल्या ताइचुंग परिसरात चालतं. कार्बनचा एक धागा माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका बारीक असतो. इतकं बारीक साहित्य आणि त्यावर हाताचं काम म्हटल्यावर खुणा राहणारच. तुकड्यांचा जोड दिसतो, एखाद्या जागी राळ साचते, हवेचा बुडबुडा फुटून सुईच्या टोकाएवढा खळगा पडतो.

यातल्या बहुतेक खुणा चाकाच्या ताकदीला धक्का लावत नाहीत. पण कार्बनची सगळी ताकद धाग्यांच्या सरळपणात असते. आतल्या थरांना सुरकुती पडली असेल तर तो सरळपणाच गेलेला असतो. दोन थर एकमेकांपासून सुटले असतील, तर उतारावर वेगात खड्डा लागल्यावर ती रिम कशी वागेल हे कुणी सांगू शकत नाही. आणि अडचण अशी, की सुरकुती नुसत्या शोभेच्या वरच्या थरात आहे की खालपर्यंत गेली आहे, हे डोळ्यांना सारखंच दिसतं. नाण्याने टकटक करून आवाज ऐकता येतो. थर सुटलेल्या जागी आवाज बसका येतो. त्यापुढची खात्री अल्ट्रासाउंडसारख्या तपासणीने होते, आणि ती सोय गिऱ्हाइकाच्या घरी नसते.

इंदापूर तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरात मी याच प्रश्नाच्या दोन बाजू एका हंगामात पाहिल्या. घर डाळिंबाचं. मुलगा सायकलवेडा, आणि एक बहार चांगला गेला म्हणून घरच्यांनी त्याला चाकांना पैसे दिले. हवा भरायच्या भोकाशेजारी बोटभर लांबीची सुरकुती निघाली. त्याने फोटो पाठवले. विक्रेत्याचं उत्तर आलं, डाग वरवरचा आहे, ताकदीशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे बदलून मिळणार नाही. कशावरून ठरवलंत, या प्रश्नाला उत्तर आलं नाही. त्याच सुमारास वडिलांनी माल बाजारात नेला. व्यापाऱ्याने कॅरेटमधली वरची फळं हातात फिरवली, सालीवर फुलकिड्यांनी खरवडलेले खरबरीत पट्टे होते, आणि माल डागी ठरला. दर निम्म्यावर आला. वडील म्हणाले, "फोडून बघा शेठ, दाणा एक नंबर आहे." कुणी फोडून पाहिलं नाही.

डाग वरवरचा आहे, हे वाक्य दोन्ही ठिकाणी महत्त्वाचं होतं. चाकाच्या बाबतीत ते विकणारा म्हणाला आणि ते मान्य झालं. डाळिंबाच्या बाबतीतही विकणाराच म्हणत होता, पण त्याच्या म्हणण्याला किंमत नव्हती. मुलगा गिऱ्हाईक होता, वडील विक्रेते होते, आणि दोन्ही वेळा डागाचा खर्च त्यांच्याच घरावर पडला. मला या विषयात सगळ्यात जास्त टोचतं ते हे. खोट वरवरची आहे की खोलवरची, हा खरं तर तपासणीने सुटणारा प्रश्न आहे. व्यवहारात तो तपासणीविनाच सुटतो. ज्याचं पारडं जड, त्याचं बोलणं निवाडा ठरतं. मोठी कंपनी एकट्या गिऱ्हाइकाला सांगते, डाग सोसा. माल धरून ठेवू न शकणाऱ्या शेतकऱ्याला व्यापारी सांगतो, डागाचे पैसे कापणार.

व्यापाऱ्याची बाजू पोकळ आहे असं मला म्हणायचं नाही. डाळिंबावरचा प्रत्येक डाग फुलकिड्यांचा नसतो. तेल्या या रोगाचा डाग जिवाणूचा. तो आधी तेलकट, पाणीदार ठिपका म्हणून दिसतो, काळा पडतो, साल तडकवतो, आणि तडकलेलं फळ कुजायला वेळ लागत नाही. समुद्रमार्गे माल युरोपात पोचायला तीन-चार आठवडे जातात. तेवढ्यात खोक्यातलं एक फळ सडलं तर शेजारची चारही जातात. अशा धंद्यात माणूस सालीवरचा डाग बघून सावध झाला तर तो अन्याय करतो असं म्हणता येणार नाही. पण तेल्याचा डाग आणि फुलकिड्यांची खरवड यांत फरक आहे, आणि तो फरक डाळिंबात आयुष्य घालवलेल्या व्यापाऱ्याला नीट कळतो. लिलावाच्या घाईत त्याने तो ओळखून दर सांगितला काय किंवा सगळ्याला डागी म्हटलं काय, त्याचं काहीच जात नाही. म्हणून तो सोपा रस्ता धरतो.

बरं, निर्मळ सालीवर तरी विसंबावं, तर तेही नाही. डाळिंबाच्या आत एक बुरशीची कूज होते. फळ बाहेरून लालभडक, चकाकीदार, आणि फोडल्यावर आतले दाणे काळे. द्राक्षाचं तर याहून मोठं उदाहरण आहे. २०१० साली भारतातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला आणि माल अडकला. घड देखणे होते. मण्यांवर डाग नव्हता. महाराष्ट्रातल्या किती बागायतदारांना त्या हंगामाने कर्जात घातलं, हे द्राक्षपट्ट्यात आजही आठवणीने सांगतात. कार्बनच्या कारखान्यांतही तेच होतं. साच्यातून निघालेल्या रिमचे खळगे लांबी भरून बुजवतात, घासतात आणि वर रंगाचा हात देतात. रंगवलेली रिम बिनडाग दिसते. न रंगवलेली, साच्यातून निघाली तशी विकलेली रिम आपल्या खुणा उघड दाखवते, आणि गिऱ्हाईक त्या खुणांवर बोट ठेवून ती परत करतं. मला विचाराल तर मी दुसरी घेईन. तिच्यावर काय झालं आहे ते मला निदान दिसतं.

इथे गोष्ट नुसत्या अन्यायापुरती राहत नाही. बिनडाग पृष्ठभागाची मागणी वस्तूला आतून बिघडवते. लांबी आणि रंगाने वजन वाढतं. ज्या हलकेपणासाठी लाख रुपये मोजले, त्यातले थोडे ग्रॅम नजर सुखावण्यासाठी परत द्यावे लागतात. डाळिंबात हिशेब जास्त क्रूर आहे. 'भगवा' या वाणाला फुलापासून तोड्यापर्यंत सहा महिने लागतात. सहा महिने त्या सालीला फुलकिड्यांपासून, उन्हाच्या चट्ट्यापासून, तेल्यापासून राखायचं. इंदापूरकडे डाळिंबाच्या ओळींवर पांढऱ्या कापडाची आच्छादनं घातलेली दिसतात ती त्यासाठीच. आणि जिथे कापड पुरत नाही तिथे फवारणी. दर फवारणीने साल थोडी सुरक्षित होते आणि आत काय उरेल याची काळजी थोडी वाढते. मग तोच बाजार म्हणतो, साल आरशासारखी हवी आणि औषधाचा अंशही नको. या दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या करता करता बागायतदार झिजतो.

डाळिंबाच्या वाणांचा इतिहास पाहिला तरी बाजाराची नजर कुठून कुठे गेली ते कळतं. 'गणेश' हे वाण १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. जी. एस. चीमा यांनी निवडलं. त्याचं वैशिष्ट्य मऊ बी. म्हणजे निवड दातांखाली काय येतं यावरून झाली. त्याची साल पिवळसर, साधी. पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं 'भगवा' आलं आणि काही वर्षांत बहुतेक बागा त्याच्या झाल्या. भगव्याचा दाणाही गडद आणि मऊ आहे, त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण दूरच्या बाजारात त्याला जागा मिळवून दिली ती जाड, केशरी-लाल, चमकदार सालीने. आज साडेसातशे ग्रॅमच्या वरचं 'सुपर' प्रतीचं फळ म्हणजे वजनाबरोबर साल डागविरहित असलीच पाहिजे. खालच्या लहान प्रतींत थोडे डाग चालतात. प्रतवारीच्या या पायऱ्यांत दाण्यापेक्षा वजन आणि सालच आधी विचारली जाते.

डाग मोजून, लिहून, मर्यादा ठरवून व्यवहार करता येतो, हे जगाला माहीत नाही असं नाही. विमानाच्या बाबतीत ते रोज होतं. बोइंग ७८७च्या सांगाड्याचं वजनाने जवळपास निम्मं साहित्य कार्बनच्या जातीचं आहे. त्यावर ओरखडा आला तर अभियंता मनाने ठरवत नाही; कुठल्या जागी किती लांब, किती खोल ओरखडा चालेल, याची पुस्तिका त्याच्यासमोर असते. मर्यादेच्या आत असेल तर नोंद करून विमान सोडायचं, बाहेर असेल तर दुरुस्ती. फळांच्या आंतरराष्ट्रीय मानकांतही हा विचार आहे. डाळिंबासाठी कोडेक्सचं २०१३चं मानक पहिल्या आणि दुसऱ्या वर्गात सालीच्या दोषांना जागा ठेवतं. अट अशी, की त्याने फळाचा दर्जा आणि टिकाऊपणा बिघडता कामा नये. युरोपने २००९च्या जुलैपासून वाकड्या काकडीसह २६ फळं-भाज्यांवरचे आकार-रूपाचे नियम मागे घेतले. २०१४मध्ये फ्रान्समधल्या एका मोठ्या दुकानसाखळीने 'कुरूप' फळं आणि भाज्या कमी दरात, पण मान देऊन विकल्या, आणि लोकांनी घेतल्या.

मान देऊन, हे मी मुद्दाम लिहितो. आपल्याकडे डागी डाळिंब वाया जातं असं नाही. ते पडत्या दराने विकलं जातं आणि त्यातलं पुष्कळ रसाला, दाण्यांना जातं. पुण्याच्या दुकानात झाकणाच्या डबीत सोललेले दाणे मिळतात, आणि अख्ख्या फळाहून त्यांचा दर चढा असतो. त्या दाण्यांची साल कशी होती, हे डबी घेणारा विचारत नाही, विचारायचं कारणही नाही. मग ज्या सालीमुळे बागेत दर निम्मा झाला, ती साल फेकून दिल्यावर वाढलेली किंमत बागायतदारापर्यंत का येत नाही? डाग खराच खोल असता तर डबी भरलीच नसती.

द्राक्ष निर्यातीत बाग नोंदवली जाते, तोड्याआधी नमुना घेतला जातो, प्रयोगशाळेत अंश तपासला जातो, आणि त्या कागदावर माल जातो. हे सगळं याच मातीत, इंदापूर तालुक्यातल्या बोरीसारख्या गावांतले द्राक्षबागायतदार शिकले. आतून तपासणं अशक्य आहे हे कारण त्यामुळे टिकत नाही. डाळिंबाच्या लिलावात प्रत्येक ढिगातली चार फळं सगळ्यांसमोर फोडावीत, फुलकिड्यांचा डाग आणि तेल्याचा डाग वेगळा पुकारावा, आणि दर त्यावर लागावा. चार फळांचं नुकसान शेतकरी आनंदाने सोसेल. निम्म्या दराच्या तुलनेत ते काहीच नाही. चाकांच्या बाबतीतही मागणी याहून मोठी नाही. लाख रुपये घेणाऱ्या कंपनीने हमीपत्रात लिहावं, सुरकुती किती लांब असली तर चालते, कुठे चालत नाही, थर सुटले आहेत की नाही हे कसं तपासलं, आणि उद्या त्याच जागेवरून रिम फुटली तर कोण जबाबदार. त्या घरातल्या मुलाने हेच चार प्रश्न विक्रेत्याला पुन्हा लिहून पाठवले आहेत. उत्तर येईपर्यंत ते चाक सायकलला लावायचं नाही असं त्याने ठरवलं आहे, आणि मला ते पूर्ण पटतं.