जोडलेल्या हातांचा अर्थ

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढे येथे श्री महालक्ष्मी देवीची यात्रा भरते, तेव्हा डहाणू व तलासरी तालुक्यांच्या पाड्यापाड्यांवरून वारली, कोकणा, धोडिया, मल्हार कोळी, दुबळा समाजाची मंडळी येतात. वापी-वलसाडकडून गुजराती भाषक भाविक येतात, किनाऱ्यावरील मांगेला व भंडारी कुटुंबे येतात, मुंबई-ठाण्याची नोकरदार मंडळीही येतात. गडावर ध्वज चढविण्याचा मान वाघाडी गावच्या आदिवासी पुजाऱ्यांकडे आहे. एवढ्या जनसमुदायात एकमेकांची बोली न समजणारे पुष्कळ असतात. तरीही रांग पुढे सरकते, प्रसाद वाटला जातो, चुकलेले मूल आईपर्यंत पोहोचते. हे पाहून, देवाच्या दारी भाषा लागत नाही, हातवारे सर्वांनाच कळतात, असे सहज म्हटले जाते. हे म्हणणे कितपत खरे आहे, याचा थोडा विचार भाविकांपुढे ठेवीत आहोत.

असा विचार करण्यास कारणही आहे. या परिसरातील कोणत्याही देवस्थानाच्या कार्यालयात बसणाऱ्यास एक तक्रार नेहमी ऐकावी लागते. अमक्याने हात जोडले नाहीत, तमकीने देवीकडे पाहिले नाही, कोणी नुसताच उभा राहिला. अशांना आत का सोडता? तक्रार करणारे भाविक मनाचे वाईट नसतात. आपल्याला जी खूण भक्तीची वाटते ती जगातील प्रत्येकाला तशीच वाटत असणार, असे ते गृहीत धरतात.

प्रथम आपल्याच घरातील उदाहरण घेऊ. मराठीत 'बोटे मोडणे' म्हणजे शिव्याशाप देणे. भांडणात समोरच्याच्या नावाने कडाकडा बोटे मोडली जातात. आणि नातू परगावाहून आला की आजी त्याच्या गालांवरून दोन्ही हात फिरवते व आपल्या कानशिलांवर तीच बोटे मोडते. बोटे तीच, आवाज तोच. एका ठिकाणी शाप आणि दुसऱ्या ठिकाणी माया. बोंबेचेही तसेच आहे. घरावर संकट कोसळले की माणूस बोंब मारतो आणि होळी पेटली की तीच बोंब आनंदाने मारली जाते. जवळ उभ्या असलेल्या मराठी माणसाची यात फसगत होत नाही, कारण त्याला प्रसंग ठाऊक असतो. परक्याने केवळ हाताकडे पाहिले तर तो काय समजेल?

अंगठा दाखविणे म्हणजे आपल्याकडे फसविणे किंवा साफ नाकारणे. आज भ्रमणध्वनीवर तोच अंगठा 'ठीक आहे' म्हणून दिवसातून दहा वेळा पाठविला जातो आणि आजोबा-नातवंडांत गैरसमज होत नाही, कारण दोघांनीही नवा अर्थ शिकून घेतला आहे. मान हलविण्याची गोष्ट तर सर्वज्ञात आहे. आपली डावी-उजवीकडे डुलणारी मान परदेशी पाहुण्यास होकार वाटत नाही, आणि बल्गेरियात होकार-नकाराच्या खुणा आपल्या अपेक्षेच्या उलट असतात. याहून विचार करावा असे उदाहरण उघड्या पंजाचे आहे. देवतेचा वर उचललेला हात हा अभयहस्त. त्या हाताकडे पाहून कितीतरी मने शांत होतात. चौकात पोलिसाने तसाच हात दाखविला की वाहन थांबते. ग्रीस देशात बोटे फाकवून पंजा समोरच्याकडे केला तर तो घोर अपमान समजला जातो.

मग सर्वत्र कळणारे असे काहीच नाही काय? चार्ल्स डार्विन यांना हा प्रश्न पडला होता. १८६७ मध्ये त्यांनी जगाच्या निरनिराळ्या भागांतील मिशनरी, अधिकारी इत्यादींना प्रश्नावली पाठवून तेथील लोक राग, लाज, आश्चर्य कसे व्यक्त करतात याची माहिती मागविली. त्यावर आधारित त्यांचा ग्रंथ १८७२ साली निघाला. पुढे सुमारे शंभर वर्षांनी पॉल एकमन यांनी न्यू गिनीच्या डोंगरांतील फोरे जमातीस छायाचित्रे दाखविली. बाहेरच्या जगाशी फारसा संबंध न आलेल्या या लोकांनी आनंद, दुःख, क्रोध व किळस हे भाव मोठ्या प्रमाणात ओळखले. भय व आश्चर्य यांत मात्र त्यांची गल्लत झाली. एकमन यांनी मूलभूत मानलेले भाव सहा : आनंद, दुःख, क्रोध, भय, किळस, आश्चर्य. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील आठ स्थायीभावांशी ही यादी ताडून पाहावी. हास, शोक, क्रोध, भय, जुगुप्सा व विस्मय हे सहाही तेथे आहेत. रती आणि उत्साह हे दोन अधिक. कला शाखेच्या विद्यार्थ्यास हे पाहून अभिमान वाटतो, तो माफ असावा.

२००४ च्या अथेन्स पॅरालिंपिकमधील अंध ज्यूदोपटूंची छायाचित्रेही अभ्यासकांनी तपासली. जन्मांध खेळाडूंच्या चेहऱ्यावर विजय-पराजयाचे भाव डोळस खेळाडूंसारखेच उमटले होते. ज्याने कधी चेहराच पाहिला नाही, तो कोणाचे अनुकरण करणार? परंतु निष्कर्षाची घाई येथेही बरी नव्हे. पापुआ न्यू गिनीच्या ट्रोब्रियांड बेटांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्या चेहऱ्यास पाश्चात्त्य मंडळी भयभीत म्हणतात, तो तेथील मुलांना धमकावणारा वाटला. चेहऱ्यावर भाव जन्मजात उमटत असेलही; पाहणारा तो कसा वाचील, ही वेगळी गोष्ट आहे.

आपल्या वारली चित्रांत तर चेहऱ्याला डोळे-नाकही काढीत नाहीत. टोकाशी जुळलेले दोन त्रिकोण, वर एक गोल आणि रेघांचे हातपाय. डहाणू तालुक्यातील गंजाडजवळचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली व जे २०१८ साली निवर्तले, त्यांच्याविषयी असे सांगितले जाते की लहानपणी आई गेल्यावर त्यांनी बोलणेच सोडले आणि कित्येक वर्षे ते मातीवर रेघा ओढून आपले म्हणणे सांगत. त्यांच्या चित्रांतील वाकलेली पाठ कष्टाची आहे, गुंफलेले हात नाचाचे आहेत, हे जपान-युरोपच्या प्रेक्षकांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. मात्र लग्नाच्या चौकात सुवासिनी ज्या पालघट देवीला रेखाटतात, तिची ओळख सांगितल्याखेरीज पटत नाही. शरीराचे श्रम व आनंद परक्यालाही कळतात. आदर, पूज्यभाव आणि मर्यादा दाखविण्याच्या रीती शिकूनच घ्याव्या लागतात, असे आमचे मत या उदाहरणाने अधिक पक्के झाले.

पूज्य वस्तूकडे पाठ न करण्याची रीतच पाहा. गाभाऱ्यातून निघताना अनेक भाविक काही पावले उलट चालतात. जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपासून परतताना कित्येक ज्यू भाविकही तसेच करतात. तारपा नाचात वारली नर्तक तारपा वाजविणाऱ्याकडे पाठ करीत नाहीत. तीन टोकांच्या तीन परंपरा येथे एक झालेल्या पाहून वाटते, ही तरी खूण सार्वत्रिक असावी. पण आपल्याच जिल्ह्यातील वसईच्या चर्चमध्ये १९६० च्या दशकातील सुधारणांपूर्वी धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उपासना चालवीत. त्यात लोकांचा अनादर नव्हता. सर्वांसह वेदीकडे तोंड करून ते उभे असत. आणि जुन्या घरांत सासऱ्यांसमोर पदर घेऊन तोंड फिरविणारी सून आदरच दाखवीत असे. देवीकडे न पाहणाऱ्या बाईविषयी तक्रार करणाऱ्यांनी हे अवश्य आठवावे. काहींच्या रीतीत डोळे वर न करणे हाच नमस्कार असतो.

आता हात जोडण्याविषयी. नाट्यशास्त्रात अंजलीचेही नियम आहेत : देवांसाठी हात मस्तकाशी, गुरुजनांसाठी मुखाशी, मित्रांसाठी छातीशी. ज्याचे नियम सांगावे लागतात ते उपजत नसते, हे उघड आहे. शिवाय याच मुलखाचा एक इतिहास आहे, जो भाविकांना कदाचित ठाऊक नसेल. १९४५ पूर्वी येथील वारली कुटुंबे वेठबिगारीत जखडलेली होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी 'लग्नगडी' म्हणून राबत. २३ मे १९४५ रोजी झरी येथे, जे गाव आज तलासरी तालुक्यात आहे, किसान सभेच्या परिषदेत हजारो वारली जमले आणि वेठीस जाणार नाही असे ठरले. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी ही चळवळ उभी केली. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात तिची हकीकत आहे. त्या परिषदेपूर्वी जमीनदाराच्या ओट्यासमोर जे हात जोडले जात, त्यांची ठेवण देवळातल्या हातांहून निराळी नव्हती. पाहणाऱ्यास त्यात नम्रता दिसली असेल, निष्ठाही दिसली असेल. खूण अगदी बिनचूक होती, आणि तिच्यामागे भयावाचून काही नव्हते.

म्हणून ज्या घराण्यांत हात जोडण्याची ही आठवण दोन-तीन पिढ्यांमागची आहे, तेथील एखादा तरुण मूर्तीपुढे नुसता उभा राहिला तर त्याचा अर्थ लावण्यास आपण धजू नये. ओटीचे तांदूळ उंबऱ्यावर ठेवून एक शब्द न बोलता मागे वळणारी वृद्धा, कपाळ खांबाला टेकणारा ट्रकचालक, देणगी पेटीत टाकताना दुसरीकडे पाहणारे गृहस्थ, यांच्यापैकी कोणाला काय म्हणायचे आहे ते त्यांचे त्यांना ठाऊक. शंका आलीच तर विचारावे. ज्याची बोली येत नाही त्याच्याशेजारी ती येणारा बहुधा कोणी असतोच.

दर्शनरांगेतील सेवकांनी पादत्राणे बाहेर आहेत ना आणि रांग मोडत नाही ना, एवढ्या दोनच गोष्टी पाहाव्यात, अशी सूचना दिलेली आहे. नमस्काराच्या पद्धतीविषयीच्या तक्रारी कार्यालयात ऐकून घेतल्या जातात. त्यांवर कार्यवाही केली जात नाही.