खंडेराया, बॉनेट उघडलंय

हे खंडेराया, उन्हाळ कांदा चाळीत पडला, द्राक्षाची खरड छाटणी उरकली. आता जेजुरीला येतो, असा शब्द आईनं तुला दिलाय. तिथून कोल्हापूर, जोतिबा आणि पोरांच्या हट्टाखातर आंबा घाट उतरून गणपतीपुळे. येणार ते 2008 सालच्या मारुती आठशेनं. कंपनीनं 2014 च्या जानेवारीत ही गाडी बनवणंच थांबवलं, हे धाकटा भाऊ मला दर सणाला ऐकवतो.

म्हणून आज ओट्यासमोर बॉनेट उघडून तुझं नाव घेतलंय. नुसता भंडारा लावून मी तिला रस्त्यावर काढणार नाही. लिंबू-मिरची बांधीन, पण आधी होसपाइप आणि फॅनबेल्ट बदलीन. तू घोड्यावर बसणारा देव. लांबच्या मजलेआधी नाल बघायची असते, हे तुला कोणी सांगावं?

पहिलं मागणं पाण्याचं. आमच्या बोअरचं पाणी क्षारट. रेडिएटर कमी दिसला की कोणीही तांब्याभर ओतावं, ही गावाकडची रीत. पण त्या क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिन गार व्हायचं राहतं. मिस्त्रीनं रेडिएटर काढून धुवायला घेतलाय, त्याच्या हाताला यश दे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर मापानं पडू दे. थर्मोस्टॅट वेळेवर उघडू दे, पंखा वेळेवर फिरू दे. झाकणाचं रबर चिवट राहू दे. त्याच्याच दाबामुळं आतलं पाणी शंभर अंशांपुढं जाऊनही उकळत नाही. आणि इंजिन गरम असताना ते झाकण फिरवायला धावणारा हात, म्हणजे आमच्या धाकट्याचा, तू आवर.

टायरचं सांगतो. गाडी पिंपळगाव-लासलगावापलीकडं फारशी गेलेलीच नाही, त्यामुळं नक्षी नव्यासारखी दिसते. पण कडेला कोरलेले आकडे आहेत 3217, म्हणजे 2017 सालचा बत्तिसावा आठवडा. रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. चारही बदलण्याइतके पैसे कांद्यानं दिले तर बरंच. नाही दिले तरी बदलायची बुद्धी दे. कांद्याच्या दराचं गाऱ्हाणं आज घालत नाही, ते मोठं आहे. स्टेपनीत मात्र हवा राहू दे.

2019 च्या ऑगस्टात गोदामाई सायखेड्यात शिरली, तेव्हा ही गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. वरून धरणांचं पाणी सुटतं, खाली नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्याचा फुगवटा, मधे आम्ही. त्या पुराचा गाळ वायरिंगच्या कुठल्या सांध्यात, ब्रेकच्या कुठल्या नळीत गंज होऊन बसलाय, ते तुला दिसतं. मिस्त्रीलाही दिसू दे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, म्हणून ते नवंच घालतोय. घाटात ब्रेक तापले की त्या ओलाव्याची वाफ होते, पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. आंबा घाट उतरताना मला खालच्या गिअरमध्ये ठेव. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करावं असं मनात आलं, तर मागं बसलेल्या आईला नेमका तेव्हाच जोराचा ठसका लागू दे.

कागदांसाठी तुला तोशीस देत नाही. पंधरा वर्षं भरल्यावर पुन्हा नोंदणी केलीय, हरित कर भरलाय, विमा आणि पीयूसी आहे.

आता खरं मागणं. चंदनापुरी असो की दिवे घाट, चढावर काटा वर सरकला की आधी एसी बंद होणार. तेवढ्यानं भागलं नाही तर भर मे महिन्यात हीटर लावावा लागणार, कारण इंजिनाची थोडी उष्णता तो आत ओढून घेतो. पोरं कालवा करतील. मागून नव्या गाड्या हॉर्न देत पुढं जातील. भाऊ बोलणार काहीच नाही, मिशीत हसेल. आणि माझं मन म्हणेल, आलाच की माथा, एवढं एक वळण. त्या एका वळणापायी इंजिनाचं हेड वाकतं, देवा. तेव्हा मला गाडी कडेला घेऊ दे. सावली बघून थांबू दे, बॉनेट उघडून काटा खाली येईस्तोवर गप्प बसू दे, पोरांना कलिंगड कापून देऊ दे. तुझ्याकडं पोचायला उशीर झाला तर तो माझ्या नावावर मांड.

पहाटेच निघू, टायर गार असताना हवा बघून. टपावर बोजा घालणार नाही. लोणच्याच्या बरणीवरून घरात वाद होईल, तो तूच मिटव.

मिस्त्री शनिवारी काय ते सांगणार आहे. ओळखीखातर 'जाईल की' म्हणायची पाळी त्याच्यावर आणू नकोस. तो नाही म्हणाला, तर नाशिकला जाऊन एसटी धरू आणि तुझा गड चढू. शब्द मोडला असं तेव्हा धरू नकोस. आईनं येतो म्हटलंय, कशातून ते म्हटलेलं नाही.