हलके ओझे



सुट्टीत आपले तरुण पाठीवर पिशवी टाकून गाढवी नदीवरील इटियाडोह धरण पाहायला निघतात. पिशवीत किती घ्यावे? दोन जोड कपडे, टॉवेल, विजेरी पुरे. कपडे मुक्कामी धुता येतात. प्रभूने शिष्यांना पाठवताना झोळी आणि दुसरा अंगरखाही घेऊ दिला नाही (मार्क ६:८-९). ज्याच्याजवळ सारे असते, त्याला यजमानाच्या दारी हात जोडावे लागत नाहीत.

पण धरणाजवळच गोठणगावात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. देश सोडावा लागलेल्यांचे ओझेही हलकेच असते. ते त्यांनी निवडलेले नसते. आपण मात्र परतून भरलेले कपाट उघडतो. म्हणून हलक्या पिशवीचा अभिमान नको. घरी ठेवलेला तो दुसरा अंगरखा कोणाचा, एवढे स्वतःला विचारू या.