बोर आणि हिरवळ

जळगावात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, नळाची पाळी लांबते आणि घरच्या बागांवर वाद सुरू होतो. एक म्हणतो, माणसांना प्यायला नाही आणि हे झाडांना घालताहेत. दुसरा म्हणतो, पाणीपट्टी भरतो, मग पाण्याचं काय करायचं ते मी ठरवीन. पहिल्याचा सात्त्विकपणा फुकटचा आहे, तो सोडून देऊ. दुसरा उर्मट वाटतो, पण त्याच्या पाठीशी एक अख्खं शास्त्र उभं आहे. म्हणून भांडायचं ते त्याच्याशीच.

हे शास्त्र सांगतं की नळामागे वर्षाची ठोक पट्टी आहे तोवर नासाडी होणारच. मीटर बसवा, लिटरमागे पैसे घ्या, उधळ्या बागा आपोआप आवरतील. १९९२च्या डब्लिन परिषदेपासून ‘पाण्याला आर्थिक मूल्य आहे’ हे आपल्या तज्ज्ञांना तोंडपाठ आहे. परवडणाऱ्या दरात स्वच्छ पाणी मिळण्याचा हक्क आधी मान्य करा, असंही त्याच तत्त्वात म्हटलं आहे. तेवढं पाठ करायचं राहून गेलं.

मीटरचं मला वावडं नाही. पण वाघूर धरणाचं पाणी जळगावच्या मेहरूण भागातल्या घरात चोवीस तास येत नाही, पाळीने येतं. पाळीच्या गावात लोक लागेल तेवढं पाणी घेत नाहीत, मिळेल तेवढं भरून ठेवतात. नवं पाणी आलं की पिंपातलं ‘शिळं’ पाणी कुंड्यांत जातं. ते बागेने मागितलेलं नसतं. पुढची पाळी चुकेल या धास्तीने जास्त भरलेलं असतं. दर वाढवल्याने ही धास्ती जाणार आहे का? शिवाय पाणी येण्याआधी नळातून हवा सुटते, तिनेही मीटर फिरतं. म्हणजे फुसफुसण्याचेही पैसे.

बरं, दर वाढलाच तर आवरणार कोण? दोन खोल्यांच्या घरापुढे डब्यात कढीपत्ता लावलेली बाई आधी आवरेल. बंगलेवाला बोअर मारील. त्या पाण्याला दर नाही, फक्त विजेचं बिल आहे. काळ्या पाषाणाच्या भेगांत साठलेलं हे पाणी कुंपण ओळखत नाही. याची मोटर चालली की शेजारच्याची बोअर आटते. नळाच्या मीटरवर मात्र या घराची बचत दिसेल. एवढं होऊनही ज्याला परवडतं तो पैसे मोजून हिरवळ राखीलच, आणि आता वर ताठ मानेने राखील. पाणी किती गेलं, हे दर सांगतो. ते कशासाठी गेलं आणि किती वर्षं जात राहणार, हे त्याला विचारताच येत नाही.

ठिबक लावा म्हणणारे आहेतच. ठिबकच्या राजधानीत राहून ठिबकला नावं ठेवण्याची माझी छाती नाही, पण नळी थेंबाने चालली म्हणून चुकीचं झाड बरोबर होत नाही.

मला भेद दिसतो तो तहानेतला. काही झाडांची तहान सुटते, काहींची सुटत नाही. ज्या बोरांमुळे मेहरूणचं नाव महाराष्ट्रभर झालं, त्यांचं झाड पहिल्या जातीचं. रानबोरीच्या खुंटावर डोळा भरतात. सोटमूळ खोल जातं. पहिली दोन-तीन वर्षं हाताने पाणी घालावं लागतं, मग झाड आपलं आपण बघतं. संक्रांतीच्या आगेमागे फळ देऊन ते उन्हाळ्यात पानं गाळतं आणि झोपी जातं, म्हणजे नेमकं नळ रुसतो तेव्हा. सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गावाला याहून शहाणं झाड कुठून आणायचं? या बोरांच्या बऱ्याचशा बागांवर आता प्लॉट पडले आहेत, आणि त्या प्लॉटांवर लॉन.

लॉनचा हिशेब सोपा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वैशाखात दिवसाला आठ मिलिमीटर उडतं असं धरलं, तरी पाचशे चौरस फुटांची हिरवळ रोज साडेतीनशे लिटरच्या पुढे पिते. शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष; म्हणजे अडीच माणसांहून अधिक. आणि ही मागणी दहाव्या वर्षीही पहिल्या दिवसाइतकीच. बोरीला घातलेलं पाणी रोपणाचा खर्च आहे, हिरवळीला घातलेलं कायमचं भाडं. दुभाजकांवर टँकरने पोसलेल्या हिरवळीलाही हाच हिशेब लागू आहे.

परसातली केळ या कसोटीवर नापास होते, हे मला ठाऊक आहे. तिची तहान कधीच सुटत नाही. तरी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेल्या केळीला मी हात लावू देणार नाही, कारण ते पाणी घरात एकदा राबून आलेलं असतं आणि तिने ते प्यायलं नाही तर गटारात जातं. सांडपाण्यावर लॉन पोसलं तर चालेल का, असं कुणी विचारील. चालेल, पण पाचशे चौरस फुटांना पुरेल एवढं सांडपाणी निघायला त्या घरात माणसं किती लागतील, ते आधी मोजावं.